चंद्रकांत पंडित : यष्टिरक्षक-फलंदाज ते रणजी विजेत्यांचे प्रशिक्षक

भारतीय देशांतर्गत क्रिकेटमध्ये प्रशिक्षक म्हणून सर्वाधिक ठसा उमटविणाऱ्या मोजक्या व्यक्तींमध्ये चंद्रकांत सीताराम पंडित यांचे नाव घेतले जाते. मुंबई, विदर्भ आणि मध्य प्रदेश या तीन वेगवेगळ्या संघांनी त्यांच्या मार्गदर्शनाखाली मिळून सहा वेळा रणजी करंडक जिंकला. त्यांपैकी विदर्भ आणि मध्य प्रदेश यांना तत्पूर्वी हा करंडक एकदाही मिळालेला नव्हता. २०२२ ते २०२५ या काळात ते कोलकाता नाइट रायडर्स या इंडियन प्रीमियर लीगमधील संघाचे मुख्य प्रशिक्षक होते आणि २०२४ मध्ये या संघाने विजेतेपद मिळविले.

खेळाडू म्हणून मात्र पंडित यांच्या वाट्याला केवळ पाच कसोटी सामने आले. खेळाडू म्हणून हुकलेले यश आणि प्रशिक्षक म्हणून मिळालेले यश यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत लक्षणीय भाग आहे.

शिवाजी पार्कचे संस्कार

पंडित यांचा जन्म ३० सप्टेंबर १९६१ रोजी मुंबईत झाला. दादरच्या शिवाजी पार्क मैदानावर रमाकांत आचरेकर यांच्या हाताखाली जी पिढी घडली, तिच्यातील ते एक होत. आचरेकर यांना १९९० मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार आणि २०१० मध्ये पद्मश्री हा किताब प्रदान करण्यात आला. २ जानेवारी २०१९ रोजी त्यांचे निधन झाले. स्वतः आचरेकर यांची प्रथम श्रेणी कारकीर्द अवघ्या एका सामन्याची होती. मोठा खेळाडू नसतानाही मोठा गुरू होता येते, याचे ते उदाहरण ठरले.

मुंबईच्या मैदानी क्रिकेटमध्ये वेळेचे बंधन, एका दिवसात अनेक सामने खेळण्याची सवय आणि बाद होण्याविषयीचा तिटकारा या गोष्टींना विशेष महत्त्व होते. आपला बळी सहजासहजी न देण्याच्या या वृत्तीला मुंबईकर ‘खडूसपणा’ म्हणतात. पंडित यांच्या फलंदाजीत ही वृत्ती होती आणि पुढे त्यांच्या प्रशिक्षणातही ती कायम राहिली.

१९७९-८० च्या हंगामात त्यांनी मुंबईकडून प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये पदार्पण केले. १३८ प्रथम श्रेणी सामन्यांत त्यांनी ४८.५७ च्या सरासरीने ८,२०९ धावा केल्या. त्यात २२ शतकांचा समावेश आहे. ज्या काळात यष्टिरक्षकाकडून फलंदाजीची फारशी अपेक्षा ठेवली जात नसे, त्या काळाचा विचार करता ही सरासरी अतिशय उल्लेखनीय आहे.

भारतीय संघातील स्थान

१९८६ मध्ये पंडित यांची भारतीय संघात निवड झाली. त्याच वर्षी १८ एप्रिल रोजी शारजा येथे झालेल्या अंतिम सामन्यात पाकिस्तानच्या जावेद मियाँदाद यांनी चेतन शर्मा यांच्या शेवटच्या चेंडूवर षटकार मारून सामना जिंकला. त्या सामन्यात भारताचे यष्टिरक्षक पंडित होते.

दोन महिन्यांनंतर, जून १९८६ मध्ये, इंग्लंडमधील हेडिंग्ले मैदानावर त्यांनी कसोटी पदार्पण केले. यष्टिरक्षणाची जबाबदारी किरण मोरे यांच्याकडे असल्याने पंडित यांना केवळ फलंदाज म्हणून खेळविण्यात आले. भारताने तो सामना २७९ धावांनी जिंकला आणि मालिकाही खिशात टाकली.

१९८७ च्या विश्वचषक स्पर्धेत ५ नोव्हेंबर रोजी वानखेडे मैदानावर इंग्लंडविरुद्ध उपांत्य सामना झाला. दिलीप वेंगसरकर आजारी असल्याने ऐनवेळी पंडित यांना संधी मिळाली. त्यांनी २४ धावा केल्या. परंतु भारताचा ३५ धावांनी पराभव झाला.

मोरे यांचे यष्टिरक्षक म्हणून स्थान पक्के असल्याने पंडित यांना संघात स्थिर जागा कधीच मिळाली नाही. कधी पर्यायी यष्टिरक्षक, तर कधी जादा फलंदाज अशीच त्यांची भूमिका राहिली. १९९१-९२ च्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यानंतर ते पुन्हा कसोटी खेळले नाहीत. पाच कसोटी सामन्यांत १७१ धावा आणि ३६ एकदिवसीय सामन्यांत २९० धावा, अशी त्यांची आंतरराष्ट्रीय कारकीर्द संपली.

१९९९ चा अंतिम सामना

कारकिर्दीच्या उत्तरार्धात पंडित मध्य प्रदेशकडून खेळू लागले आणि पुढे संघाचे कर्णधार झाले. या प्रदेशाला क्रिकेटची मोठी परंपरा आहे. इंदूरच्या होळकर संघाने १९४० आणि १९५० च्या दशकांत चार वेळा रणजी करंडक जिंकला होता. त्यांपैकी शेवटचे विजेतेपद १९५२-५३ च्या हंगामातील होते. संस्थानी संघ इतिहासजमा झाल्यावर मात्र मध्य प्रदेशाला हे वैभव पुन्हा लाभले नव्हते.

१९९८-९९ च्या हंगामात पंडित यांच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेश अंतिम सामन्यात पोहोचला. एप्रिल १९९९ मध्ये बंगळुरूच्या चिन्नास्वामी मैदानावर कर्नाटकाशी त्याची गाठ पडली. कर्नाटकाच्या ३०४ धावांना मध्य प्रदेशाने ३७९ धावांनी उत्तर दिले. पहिल्या डावात ७५ धावांची आघाडी मिळाल्यामुळे सामना अनिर्णित राहिला असता, तरी करंडक मध्य प्रदेशाकडेच आला असता.

कर्नाटकाने दुसऱ्या डावात ३२१ धावा केल्या आणि मध्य प्रदेशापुढे २४७ धावांचे लक्ष्य ठेवले. शेवटच्या दिवशी विजय भारद्वाज यांच्या फिरकीपुढे मध्य प्रदेशाचा डाव १५० धावांत आटोपला. कर्नाटकाने ९६ धावांनी विजय मिळविला. हातातोंडाशी आलेला घास गेल्याची ही खंत पंडित यांनी पुढे अनेकदा जाहीरपणे बोलून दाखविली.

प्रशिक्षकपदाची सुरुवात

निवृत्तीनंतर पंडित प्रशिक्षणाकडे वळले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबईने २००२-०३ आणि २००३-०४ असा सलग दोन हंगामांत रणजी करंडक जिंकला. मधल्या काळात त्यांनी इतर राज्य संघटनांसाठीही काम केले.

२०१५-१६ मध्ये त्यांच्या प्रशिक्षणाखाली मुंबई पुन्हा विजेती ठरली. पुण्याजवळच्या गहुंजे मैदानावरील अंतिम सामन्यात मुंबईने सौराष्ट्राचा एक डाव आणि २१ धावांनी पराभव केला. युवा फलंदाज श्रेयस अय्यर यांनी त्या हंगामात १,३२१ धावा केल्या व अंतिम सामन्यात शतक झळकाविले. आठ वर्षांनंतर कोलकात्याच्या संघात हे दोघे कर्णधार आणि प्रशिक्षक म्हणून पुन्हा एकत्र येणार होते.

पुढच्याच हंगामात मुंबई अंतिम सामन्यात गुजरातकडून पराभूत झाली. त्यानंतर मुंबईचे प्रशिक्षकपद पंडित यांच्याकडे राहिले नाही. तोपर्यंत ४१ वेळा करंडक जिंकलेल्या संघासाठी उपविजेतेपद हे अपयशच मानले गेले. २०१७ मध्ये पंडित यांनी विदर्भाची जबाबदारी स्वीकारली.

विदर्भाची किमया

विदर्भाचा संघ १९५७-५८ पासून रणजी स्पर्धेत खेळत होता. परंतु साठ वर्षांत तो एकदाही अंतिम सामन्यात पोहोचला नव्हता. नागपूरजवळील जामठा येथे आधुनिक मैदान व प्रशिक्षणाच्या सुविधा उभ्या राहिल्या होत्या. अनुभवी फलंदाज वसीम जाफर संघात दाखल झाले होते. फैज फझल यांच्यासारखा संयमी कर्णधारही होता. उणीव होती ती मोठा सामना आपण जिंकू शकतो, या विश्वासाची.

डिसेंबर २०१७ मध्ये कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर विदर्भ आणि कर्नाटक यांच्यात उपांत्य सामना झाला. अखेरच्या डावात कर्नाटकाला विजयासाठी १९८ धावा हव्या होत्या. वेगवान गोलंदाज रजनीश गुरबानी यांनी सामन्यात १२ बळी घेतले आणि विदर्भाने अवघ्या पाच धावांनी बाजी मारली. अठरा वर्षांपूर्वी कर्नाटकाविरुद्ध शेवटच्या डावात कोसळलेल्या संघाचे कर्णधार या वेळी विजयी संघाच्या तंबूत प्रशिक्षक म्हणून बसले होते.

इंदूर येथील अंतिम सामन्यात विदर्भाने दिल्लीचा नऊ गडी राखून पराभव केला. १ जानेवारी २०१८ रोजी विदर्भाच्या पहिल्या रणजी विजेतेपदावर शिक्कामोर्तब झाले. गुरबानी यांनी या सामन्यात त्रिक्रम साधला, तर यष्टिरक्षक अक्षय वाडकर यांनी शतक केले.

पहिले यश योगायोगाचे असू शकते, अशी कुजबुज त्यानंतर झाली. तिला उत्तर पुढच्या हंगामात मिळाले. फेब्रुवारी २०१९ मध्ये जामठा येथे विदर्भाने सौराष्ट्राला ७८ धावांनी हरवून करंडक राखला. डावखुरे फिरकी गोलंदाज आदित्य सरवटे यांनी सामन्यात ११ बळी घेतले. या दोन्ही वर्षी विदर्भाने इराणी करंडकही जिंकला.

पंडित गेल्यानंतरही विदर्भाची कामगिरी घसरली नाही. २०२३-२४ मध्ये हा संघ उपविजेता ठरला आणि २०२४-२५ मध्ये केरळविरुद्धच्या अंतिम सामन्यात पहिल्या डावातील आघाडीच्या जोरावर त्याने तिसऱ्यांदा करंडक पटकाविला. प्रशिक्षक बदलल्यावरही टिकून राहणारी कामगिरी ही त्याच्या कामाची खरी कसोटी मानली, तर विदर्भाचे उदाहरण बोलके आहे.

चिन्नास्वामीवर पुनरागमन

२०२० मध्ये पंडित मध्य प्रदेशाचे प्रशिक्षक झाले. संघात देशभर गाजलेली नावे थोडी होती. आवेश खान आणि वेंकटेश अय्यर हे २०२२ च्या निर्णायक सामन्यांच्या वेळी भारतीय संघात होते. आदित्य श्रीवास्तव या तरुण कर्णधाराच्या नेतृत्वाखाली मध्य प्रदेशाने उपांत्य फेरीत बंगालचा १७४ धावांनी पराभव केला आणि अंतिम सामन्यात प्रवेश मिळविला.

हा सामना चिन्नास्वामी मैदानावरच होता आणि प्रतिस्पर्धी होता पंडित यांचा जुना संघ मुंबई. मुंबईचे प्रशिक्षक अमोल मुझुमदार हेही आचरेकर यांचेच शिष्य. शिवाजी पार्कवर घडलेले दोन गुरुबंधू अशा रीतीने परस्परांसमोर उभे ठाकले होते.

मुंबईने पहिल्या डावात ३७४ धावा केल्या. सर्फराज खान यांनी १३४ धावांची खेळी केली. मध्य प्रदेशाकडून यश दुबे यांनी १३३, शुभम शर्मा यांनी ११६ आणि रजत पाटीदार यांनी १२२ धावा करून संघाला ५३६ धावांपर्यंत नेले. दुसऱ्या डावात मुंबई २६९ धावांत बाद झाली. २६ जून २०२२ रोजी मध्य प्रदेशाने सहा गडी राखून विजय मिळविला आणि पहिल्यांदाच रणजी करंडकावर आपले नाव कोरले. होळकर संघाच्या शेवटच्या विजयाला तेव्हा जवळपास सात दशके झाली होती.

विजयानंतर पंडित यांना अश्रू आवरले नाहीत. खेळाडूंनी त्यांना खांद्यावर उचलून घेतले. तेवीस वर्षांपूर्वी कर्णधार म्हणून जे गमावले, ते त्याच मैदानावर, त्याच संघासाठी, प्रशिक्षक म्हणून परत मिळाले होते.

कोलकात्यातील तीन वर्षे

ऑगस्ट २०२२ मध्ये कोलकाता नाइट रायडर्सने न्यूझीलंडचे ब्रेंडन मॅकलम यांच्या जागी पंडित यांची मुख्य प्रशिक्षक म्हणून नियुक्ती केली. इंडियन प्रीमियर लीगमध्ये मुख्य प्रशिक्षकपदी बहुधा परदेशी व्यक्तींचीच निवड होत असल्याने या निर्णयाकडे क्रिकेटवर्तुळाचे लक्ष वेधले गेले.

कोलकाता हे भारतातील क्रिकेटच्या सर्वांत जुन्या केंद्रांपैकी एक आहे. १७९२ मध्ये स्थापन झालेल्या कलकत्ता क्रिकेट क्लबचा वारसा सांगणारा क्लब आजही शहराच्या बालीगंज भागात, गुरुसदय मार्गावर, आपले मैदान राखून आहे. एकेकाळी ईडन गार्डन्स हे याच क्लबचे मैदान होते. आपल्या शहरातील क्रिकेटचा एवढा जुना इतिहास जाणणाऱ्या प्रेक्षकांच्या अपेक्षाही तितक्याच मोठ्या असतात.

पहिल्या हंगामात, २०२३ मध्ये, संघाला सातव्या स्थानावर समाधान मानावे लागले. २०२४ मध्ये गौतम गंभीर संघाचे मार्गदर्शक म्हणून परतले. श्रेयस अय्यर कर्णधार होते. साखळी फेरीत अव्वल राहिलेल्या कोलकात्याने २६ मे २०२४ रोजी चेन्नई येथील अंतिम सामन्यात सनरायझर्स हैदराबादला ११३ धावांत गुंडाळले आणि आठ गडी राखून विजय संपादन केला. कोलकात्याचे हे तिसरे विजेतेपद होते.

२०२५ मध्ये मात्र संघ आठव्या स्थानी घसरला. जुलै २०२५ मध्ये पंडित आणि कोलकाता यांनी परस्परांपासून वेगळे होत असल्याचे जाहीर करण्यात आले.

शिस्तीचा प्रश्न

पंडित यांच्या कार्यपद्धतीविषयी दोन मते आहेत. ते स्वतः शिस्तीचे पुरस्कर्ते म्हणून ओळखले जातात आणि ही ओळख त्यांनी कधी नाकारलेली नाही. सरावाची वेळ, आहार, विश्रांती, संघातील प्रत्येकाची भूमिका या सर्व बाबींवर त्यांचे बारीक लक्ष असते. राज्य संघटनेने पूर्ण अधिकार दिल्यासच आपण काम करू, अशी त्यांची भूमिका राहिली आहे.

या पद्धतीवर टीकाही झाली. २०२३ च्या हंगामात कोलकात्याकडून खेळलेले अष्टपैलू डेव्हिड वीझ यांनी २०२४ मध्ये एका जाहीर मुलाखतीत, पंडित यांची पद्धत लष्करी वळणाची असून जगभर खेळणाऱ्या परदेशी खेळाडूंना ती जाचक वाटली, अशा आशयाचे मत व्यक्त केले.

या मतभेदामागे दोन प्रकारच्या क्रिकेटमधील फरक आहे. राज्य संघातील बावीस-तेवीस वर्षांचा खेळाडू वर्षातील बहुतांश काळ प्रशिक्षकाच्या सहवासात असतो. त्याच्या सवयी घडविण्याची संधी आणि जबाबदारी प्रशिक्षकाकडे असते. याउलट फ्रँचायझी संघात खेळाडू सुमारे दोन महिन्यांसाठी एकत्र येतात. त्यांपैकी अनेक जण आधीच घडलेले, नामवंत आणि स्वतःची दिनचर्या ठरविलेले असतात. तेथे प्रशिक्षकाने घडवावे कमी आणि जुळवून घ्यावे अधिक, अशी अपेक्षा असते. जी कठोरता नागपूर व इंदूरमध्ये गुण ठरली, तीच कोलकात्यात काहींना दोष वाटली.

महाविद्यालय आणि राज्य संघ

खेळाडू घडविण्याचे हे काम कोणत्या संस्थेने करावे, याचे उत्तर प्रत्येक देशात निराळे आहे. अमेरिकेतील बेसबॉलमध्ये ते मोठ्या प्रमाणावर विद्यापीठे करतात. तेथील विद्यापीठ संघांतून निवडक तरुण दरवर्षी व्यावसायिक संघांकडे जातात. त्यामुळे विद्यापीठाच्या प्रशिक्षकाचे पद प्रतिष्ठेचे मानले जाते आणि नामांकित खेळाडूही ते स्वीकारतात.

टोनी ग्विन हे त्याचे ठळक उदाहरण. सॅन डिएगो पॅड्रेस या एकाच संघाकडून १९८२ ते २००१ या काळात खेळलेल्या ग्विन यांनी ३,१४१ यशस्वी फटके मारले आणि आठ वेळा नॅशनल लीगमधील सर्वोत्तम सरासरीचा मान मिळविला. निवृत्तीनंतर ते ज्या सॅन डिएगो स्टेट विद्यापीठात शिकले होते, तेथेच २००३ च्या हंगामापासून मुख्य प्रशिक्षक झाले. जून २०१४ मध्ये निधन होईपर्यंत ते त्या पदावर होते. त्यांच्या हाताखाली खेळलेला गोलंदाज स्टीफन स्ट्रासबर्ग याची २००९ च्या व्यावसायिक निवड प्रक्रियेत सर्वप्रथम निवड झाली.

भारतात विद्यापीठ क्रिकेट एकेकाळी महत्त्वाचे होते. परंतु आता राज्य संघटनांचे वयोगटनिहाय संघ आणि रणजी संघ हीच खेळाडूंची मुख्य पाठशाळा आहे. त्यामुळे अमेरिकेत जे काम विद्यापीठाचा प्रशिक्षक करतो, त्याच्या जवळपास जाणारे काम येथे रणजी संघाचा प्रशिक्षक करतो. फरक असा की, त्याला बहुधा अल्पकालीन करारावर काम करावे लागते आणि एका पराभवानंतर पद सोडावे लागू शकते. ग्विन यांना एका संस्थेत दशकभराहून अधिक काळ मिळाला. पंडित यांना मात्र एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाऊन प्रत्येक वेळी नव्याने आरंभ करावा लागला.

मूल्यमापन

आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्ये स्थिरावू न शकलेले मुंबईचे फलंदाज प्रशिक्षक म्हणून यशस्वी झाल्याचे पंडित हे एकमेव उदाहरण नाही. प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये अकरा हजारांहून अधिक धावा करूनही भारताकडून एकही सामना खेळण्याची संधी न मिळालेले अमोल मुझुमदार यांच्या प्रशिक्षणाखाली भारतीय महिला संघाने २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत एकदिवसीय विश्वचषक जिंकला. दीर्घकाळ वाट पाहिलेल्या, संधी निसटताना अनुभवलेल्या खेळाडूला राखीव खेळाडूंच्या बाकावर बसलेल्या तरुणाचे मन अधिक कळत असावे, असे म्हणण्यास येथे जागा आहे.

पंडित यांच्या सहा रणजी विजेतेपदांपैकी तीन मुंबईची आहेत. तेथे जिंकण्याची सवय आधीपासूनच होती. त्यांच्या कामाचे खरे मोल उरलेल्या तिहींमध्ये आहे. विदर्भ आणि मध्य प्रदेश येथील खेळाडूंना मुंबई, दिल्ली किंवा कर्नाटकाच्या संघासमोर आपण दुय्यम आहोत, असे वाटेनासे झाले. नागपूर, इंदूर यांसारख्या शहरांतील मुलांना मोठे क्रिकेट खेळण्यासाठी घर सोडून महानगर गाठण्याची पूर्वीइतकी निकड राहिलेली नाही. या बदलात राज्य संघटनांनी उभारलेली मैदाने, निवड समित्या आणि अन्य प्रशिक्षकांचाही वाटा आहे. परंतु दोन्ही ठिकाणी पहिला करंडक आला, तेव्हा संघाची सूत्रे पंडित यांच्या हाती होती, ही नोंद रणजी स्पर्धेच्या इतिहासात कायम राहील.